इथे हवा

घड्याळजींच्या घरात पंचेचाळीस वर्षं वाऱ्याला बंदी होती. उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही, खरोखरची बंदी. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. टेबलावर पांढरा कागद, कागदावर पोट उघडलेलं मनगटी घड्याळ, आणि त्यातला एकेक स्क्रू म्हणजे मोहरीच्या दाण्याचा चौथा हिस्सा. कुणी दार धाडकन उघडलं की स्क्रू गेलाच. मग सगळं घर गुडघ्यांवर. म्हणून खिडक्या बंद, फटींना कागदाच्या पट्ट्या, पडदे जाडजूड. थोरली लेक शाळेतून धावत आत शिरली की डोळ्यावरचं भिंग न काढता बाप म्हणायचा, "आलं वादळ! दार लाव आधी."

थोरलीची आई अधूनमधून मागच्या दारात जाऊन उभी राहायची. "जरा हवा खाऊन येते," म्हणायची. तिला दम लागायचा, पण घरात कुणी तो मनावर घेतला नाही, तिनंही नाही. एकदाच ती बोलून गेली होती की पुढच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीत एक खिडकी असती तर बरं झालं असतं. घड्याळजी म्हणाले, "बघू." ते बघणं राहून गेलं, आणि पुढे आईही गेली.

आता अशा घरातली मुलगी मोठेपणी काय करणार? लोकांची घरं उघडत सुटणार, दुसरं काय! तेच थोरलीचं काम झालं. पण तिला सजावटकार म्हटलेलं खपत नसे. "मी काय केक सजवते का?" असं फाडकन विचारायची. नव्या घरात गेली की आधी चप्पल काढून जमिनीवर अर्धा तास नुसती बसायची. डोळे मिटून. घरमालकीण बिचारी चहाचा कप हातात धरून ताटकळत उभी. मग थोरली ओलं बोट हवेत धरायची, कोपरे हुंगायची आणि निकाल द्यायची. "हे कपाट हलवा, ते घराच्या नाकावर बसलंय. हा गालिचा काढा, याच्यात दहा वर्षांची धूळ मुरलीय. भिंतीचा रंग खरवडा, तिचा जीव गुदमरतोय." लोकांना आधी राग यायचा, आणि महिन्याभरानं त्यांचे फोन यायचे की झोप काय छान लागतेय हो.

तिला स्वप्नंही घरांचीच पडत. ओल्या मातीच्या भिंतींचं एक घर, एका खोलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, संपायचं नावच नाही. प्रत्येक खोलीत सुती पडदे फुगलेले आणि कुठून तरी पाण्याचा आवाज. एखाद्या खिडकीशी आई पाठमोरी उभी असायची. थोरली हाक मारायला तोंड उघडायची आणि तेवढ्यात जाग यायची. मग दिवसभर तिचं लक्ष कशात लागत नसे.

यंदा घड्याळजींना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. जिवावरचं शेपटावर निभावलं, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की छाती कमजोर आहे. धूळ नको, ओल नको, रंगाचे वास नकोत. दुसऱ्या शहरात राहणारा धाकटा म्हणाला, "ताई, त्या घरात त्यांना ठेवायचंच नाही. तो डबा आहे डबा. माझ्या घराजवळ एक केंद्र आहे. चोवीस तास नर्स, सगळं चकाचक."

"बाबा तिथे महिनाभरसुद्धा काढणार नाहीत," थोरली म्हणाली. "मला ते घर दे. मी ते राहण्याजोगं करते."

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं: घर नीट करायचं, बाबांना आणायचं, आणि एक महिना बघायचं. बाबा पोटभर जेवू लागले, एखादा शब्द बोलू लागले, तर घरीच राहतील. नाहीतर महिन्याच्या शेवटच्या रविवारी धाकटा गाडी घेऊन येणार आणि त्यांना घेऊन जाणार. थोरलीनं मान डोलावली, पण बाप तिकडे गेला की परत येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं नकाशा काढला आणि तो घेऊन ती दवाखान्यात गेली. पलंगावर कागद पसरला, बाबांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. "बाबा, तुमचं घर आहे. काही बदलायचं असेल तर खूण करा." घड्याळजी बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. मग पश्चिमेच्या भिंतीशी, त्यांच्या टेबलाच्या बाजूला, त्यांनी एक फुली मारली. फुलीखाली, पहिलीतल्या पोरासारखे वाकडेतिकडे, पाच मिनिटं खपून दोन अक्षरी दोन शब्द लिहिले. इथे हवा.

थोरली व्हरांड्यात जाऊन ढसाढसा रडली. पंचेचाळीस वर्षं! आईनं मागितली तीच भिंत, तीच जागा. आणि आज हा माणूस, ज्यानं जन्मभर फटींना कागद चिकटवले, तो हवा मागतोय. देर आहे पण अंधेर नाही, असं काहीसं ती नर्सला म्हणाली. नर्सला काही कळलं नाही, तिनं पाणी दिलं.

मग काम सुरू झालं. सुताराचं काम अर्थातच सुतारकाकांकडे. सुतारकाका म्हणजे घड्याळजींचे बालमित्र, पलीकडच्या गल्लीतले. रोज संध्याकाळी सहाला आपलं काम आटपून हा गृहस्थ घड्याळजींच्या दुकानात यायचा, पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून एका खोक्यावर बसायचा आणि आठपर्यंत बोलायचा. घड्याळजी एक अक्षर बोलायचे नाहीत. भिंग डोळ्याला लावून काम करायचे, आणि फार झालं तर "गप रे बडबड्या," म्हणायचे. हे चाळीस वर्षं चाललं होतं. चाळीस वर्षांत बडबड्या एकदाही गप बसला नाही.

खिडकीसाठी काकांनी दुकानाचं जुनं काउंटर कापलं. लाकूड अस्सल सागवानी, नवीन झाड कशाला तोडायचं? चौकट तीच, झडपा त्याच लाकडाच्या, आणि आत दीड हात रुंद कट्टा. वॉर्निश नाही, नुसतं जवसाचं तेल, तेही आठ दिवस बाहेर ठेवून वास उडवलेलं. पश्चिमेचं ऊन तापतं म्हणून बाहेरून वेल सोडायचा ठरला. समोरच्या भिंतीत वरती जुना झरोका होता, तोही मोकळा केला. हवेला नुसतं आत यायला दार देऊन भागत नाही, तिला बाहेर पडायलाही वाट लागते, नाहीतर ती उंबऱ्यावरूनच परत जाते.

भिंतींना चुना. त्यावरून गल्लीत विनोद झालाच, की थोरलीनं सख्ख्या बापाच्या घराला चुना लावला. फक्त पश्चिमेच्या भिंतीवर, नव्या चौकटीच्या खालच्या बाजूला, एक मोठा तेलकट डाग होता, त्यावर चुना धरेना. माणसाच्या पाठीएवढा आणि डोक्याएवढा डाग. थोरलीनं तो तीनदा घासला, शेवटी तेवढा गिलावा खरवडून काढला आणि नवीन भरला.

घर झालं तेव्हा मात्र तिची तीच बघत राहिली. दुपारी चुन्याच्या भिंतींवर उजेड दुधासारखा पसरायचा. पडदा फुगायचा, खाली बसायचा. काम संपल्यावर ती थंडगार फरशीवर तशीच आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. स्वप्नात तेच मातीचं घर होतं, पण या वेळी आई खिडकीतून वळली आणि हसून म्हणाली, "आता येतेय गं." काय येतंय ते काही तिनं सांगितलं नाही.

बाबा आले, त्यांची खाट पुढच्या खोलीतच टाकली. आणि आता थोरलीनं जे केलं ते प्रेमापोटीच केलं, हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही तिला नावं ठेवाल. तिनं बाबांच्या खोलीत काय काय बंद केलं त्याची यादी दाराला लावली. चपला बंद. अत्तर बंद. सुवासिक फवारे बंद. आणि पहिल्याच संध्याकाळी सहाला सुतारकाका दारात आले तेव्हा तिनं त्यांना उंबऱ्यावरच थांबवलं.

"काका, राग मानू नका. तुमच्या अंगावर भुसा असतो. बाबांची छाती..."

काकांनी आपल्या सदऱ्याकडे बघितलं. कोपरापर्यंत भुसा. "बरोबर आहे पोरी," ते म्हणाले. "भुसा म्हणजे आमचं दुसरं कातडंच. तू शिकलेली आहेस. कसा आहे तो?"

"बरे आहेत."

"मग झालं तर," असं म्हणून ते गेले. एवढ्या कमी शब्दांत काका कधी कुठून गेले नव्हते. थोरलीच्या तेव्हा ते लक्षात आलं नाही, डोक्यात हवाच शिरलेली ना.

पण बाबा काही सुधारेनात. हवा खेळती, उजेड हवा तेवढा, गादी कापसाची, चादरी सुती, कुठे ओल नाही, वास नाही. धाप कमी झाली, खोकला थांबला. आणि तरी जेवण दोन घासांवर. बोलण्याचं तर नावच नको. दिवसभर अर्धवट झोपेत, आणि संध्याकाळी सहाला मात्र डोळे टक्क उघडे. दाराकडे बघायचे, मग खिडकीकडे, मग डावा हात उचलून खिडकीच्या कट्ट्याकडे बोट दाखवायचे.

"हवा हवीय?" थोरली झडप आणखी उघडायची. बाबा मान हलवायचे. नाही.

"जास्त होतेय?" झडप अर्धी मिटायची. नाही.

तिनं पडदा बदलला. कट्ट्यावर कुंड्या आणून ठेवल्या, हवा शुद्ध करणाऱ्या म्हणतात त्या. बाबांनी कुंड्यांकडे असं काही बघितलं की तिनं त्या निमूटपणे उचलल्या. वेताची चटई लावली, काढली. खुर्ची फिरवली. शेजारणीनं सांगितलं म्हणून खिडकीत पाण्याचं मडकंही ठेवून बघितलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, अशी सगळी तऱ्हा. बाबा दमून डोळे मिटून घ्यायचे, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायचं.

चौथा आठवडा लागला. गुरुवारी वाचा-उपचाराच्या बाई आल्या. या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, बाबांकडून ओठांचे व्यायाम करून घ्यायच्या. त्यांनी पाटी पुढे केली, "आजोबा, काय पाहिजे ते लिहा." बाबांनी लिहिलं: हवा.

थोरलीचा बांध फुटला. "बाबा, अहो खिडकी सताड उघडी आहे! अजून किती हवा आणू? रविवारी तो येतोय तुम्हाला न्यायला. मी काय करू, छप्पर काढू?"

बाई शांतपणे पाटीकडे बघत होत्या. त्यांना या घराचा इतिहास माहीत नव्हता, हेच बरं झालं. "हवा म्हणजे वारा," त्या म्हणाल्या, "की हवा म्हणजे पाहिजे?"

 थोरली पाटीकडे बघत राहिली. अगं बाई! तिला वाटलं, कुणीतरी आपल्याला गदागदा हलवून उठवतंय.

"अशा आजारात नावं सापडत नाहीत," बाई सांगत होत्या. "वस्तूंची नाही, माणसांची तर नाहीच. भोवतालचे छोटे शब्द तेवढे उरतात. आजोबा, काहीतरी पाहिजे का?"

बाबांनी मान हलवली. हो. हो. हो.

"हवी नाही लिहिलं, हवं नाही लिहिलं. हवा. म्हणजे पुल्लिंगी काहीतरी." बाई हौशीनं बोटांवर मोजू लागल्या. "पंखा? दिवा? रेडिओ? चष्मा? चहा?"

नाही, नाही, नाही. चहाला बाबा क्षणभर थांबले, पण नाहीच.

हवी नाही. ते अक्षर थोरलीला टोचलं, खोटं कशाला बोला. रात्रंदिवस उशाशी कोण बसलंय, आणि पाहिजे कोण, तर तो! तिनं तशीच फोन उचलून धाकट्याला लावला, आवाज मोठा केला आणि बाबांच्या कानाशी धरला. "बाबा?" धाकटा पलीकडून म्हणाला, "मी येतोय हां रविवारी. मी पाहिजे ना तुम्हाला?"

बाबांनी मान हलवली. नाही. धाकटा बिचारा "हॅलो, हॅलो" करत राहिला आणि थोरलीला तसल्या वेळीही हसू आलं. मोठी कसली, धाकट्यावर एवढंसं जिंकलं तरी बरं वाटतं.

तेवढ्यात बाहेर पायरीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. "पोरी, झडपेची कडी आणलीय गं. इथेच ठेवतो, आत येत नाही." आणि पावलं लांब गेली.

बाबांचा चेहरा दाराकडे वळला. चेहराच काय, सगळा देह वळला, लुळी बाजूसुद्धा. डावा हात उठला आणि बोट पुन्हा खिडकीखालच्या त्या जागेकडे गेलं, जिथला डाग तिनं तीनदा घासला होता.

थोरलीनं कपाळावर हात मारला. तिची तिलाच इतकी लाज वाटली की तोंड कुठे लपवावं कळेना. फुली मारून दाखवलं होतं बापानं. इथे तो हवा. आणि तिनं काय केलं? त्याची जागा फोडून तिथे भोक पाडलं, तेही त्याच्याच हातून, आणि वर त्याला उंबऱ्यावरून परत पाठवला. जन्मभर घरांचे श्वास ऐकत फिरणारी बाई, आणि बापाचं एक वाक्य धड वाचता आलं नाही! ती तशीच अनवाणी धावली. गल्लीच्या टोकाला तिनं काकांना गाठलं, आणि भर रस्त्यात रडत रडत सगळं सांगितलं.

काका ऐकून घेत उभे राहिले. मग त्यांनी खांद्यावरच्या पंचानं नाक पुसलं. "मला वाटलं, त्यालाच माझा कंटाळा आला असेल," ते म्हणाले. "चाळीस वर्षं कटकट ऐकली त्यानं. कुणालाही येईल."

"उद्या याल?"

"अंग धुवायला दोन दिवस दे. केसांच्या मुळाशी गेलाय भुसा. रविवारी येतो."

रविवारी धाकटा दुपारीच आला. गाडी दाराशी लावली, आत येऊन घर फिरून बघितलं. "छान केलंयस," तो म्हणाला, मनापासून म्हणाला. "पण ताई, बाबा वाळलेत गं. ठरल्याप्रमाणे करूया." आणि बाबांचे कपडे पिशवीत भरायला लागला. "सहापर्यंत तरी थांब," एवढंच थोरली म्हणाली. ठरलं होतं ते ठरलं होतं. बाबा खुर्चीत डोळे मिटून होते. पडदा फुगत होता, खाली बसत होता.

सहाला काका आले. न्हाऊन, धुवून, इस्त्रीचा सदरा घालून, केस चप्प बसवून. असे की आधी कुणी ओळखलंच नाही. बाबांनी डोळे उघडले. काका चौकटीपाशी गेले, आपल्या जुन्या जागेवर खोकं नाही हे त्यांनी बघितलं, मग स्वतःच बनवलेल्या कट्ट्यावर चढून बसले. पाय लोंबकळत राहिले. हात मांडीवर. पेशंटला त्रास द्यायचा नाही अशी घरी बायकोनं ताकीद दिली असावी, कारण काका चक्क गप्प बसले. एक मिनिट गेलं, दोन गेली. दोघं एकमेकांकडे बघतायत. घड्याळजींच्या कपाळावर एक आठी पडली.

"अरे, ते वाण्याच्या पलंगाचं तुला सांगायचं राहिलं," काका शेवटी म्हणाले, आणि धरण फुटलं. "करकरतो म्हणून तीनदा बोलावलं मला. तीनदा! सगळे सांधे आवळले, पाचरी मारल्या, मेण लावलं. म्हटलं, आता झोपून दाखवा. झोपला, कूस वळला, करकर! मग मी कान लावून ऐकलं. अरे, पलंग कुठला, त्याचे गुडघे! गुडघे करकरतायत त्याचे! मी म्हटलं, याला रंधा मारायला मी तयार आहे, पण मग तक्रार करायची नाही..."

काका आडव्या बांध्याचे. त्यांनी ती खिडकी चौकटीपासून चौकटीपर्यंत भरून टाकली होती. पडदा निपचित पडला. झरोक्याकडची झुळूक थांबली. खोली हळूहळू कोंदायला लागली आणि थोरलीचा जीव वरखाली होऊ लागला. सवय कुठे जाते? किती केलं तरी हेच तिचं काम, जन्मभराचं.

"काका," ती न राहवून म्हणाली, "जरा एका बाजूला सरकता का? हवा अडतेय."

"असू दे."

आवाज खरखरीत होता, गंजलेला. थोरलीला आधी वाटलं, धाकटा बोलला. धाकट्याला वाटलं, ती बोलली. मग दोघांनी एकदमच खुर्चीकडे बघितलं. बाबा मित्राकडे बघत होते आणि त्यांच्या ओठांची एक बाजू वर गेली होती.

धाकट्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. थोरलीनं तोंडावर हात घेतला, दुसऱ्या हातानं भावाचं मनगट घट्ट धरलं, आणि दोघं श्वास रोखून उभे राहिले. काका मात्र सांगतच होते. त्यांना काही ऐकूच गेलं नव्हतं.